कंबर ओके, खांदा रिवर्क

पिंपरी-चिंचवडमध्ये माणूस आधी माप घेतो आणि मग मत देतो. भोसरी एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये बाकी काही नसलं तरी एक लेथ, एक गणपतीचा फोटो आणि एक व्हर्निअर एवढं असतंच. व्हर्निअर ०.०२ मिलिमीटरपर्यंत सांगतं, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत जातो. माझी सगळी नोकरी क्वालिटीत गेली. ड्रॉइंगवर आहे ते जॉबवर आहे का बघायचं, असलं तर ‘ओके’, नसलं तर लाल पेटी. मधलं काही विचारायला कोणी आलं की चहा सांगायचा आणि पुन्हा लाल पेटी दाखवायची. इतक्या वर्षांत मी रागाने, प्रेमाने किंवा ओळखीने एकही जॉब पास केलेला नाही. म्हणून बहिणीने तिचा मुलगा आमच्याकडे निगडीला ठेवला, तेव्हा तो चांगल्या हातात आहे असं तिला वाटलं असावं.

भाचा डिप्लोमा करून चाकणच्या कंपनीत ट्रेनी लागला होता. पहाटे भक्ती-शक्ती चौकातून कंपनीची बस, दुपारी सुट्टी आणि संध्याकाळी जिम. एके रात्री जेवताना त्याने जाहीर केलं, “मामा, मी स्पर्धेत उतरतोय. मेन्स फिजिक.”

“कुस्ती का नाही करत?” माझी आई म्हणाली. तिचं बरोबर होतं. भोसरी इथून किती लांब? तिथे ताकदवान माणूस म्हणजे पैलवान, आणि पैलवानाची छाती, पोट आणि कंबर हे तीन वेगळे अवयव आहेत असं कोणी मानत नाही. समोरच्याला त्या कंबरेला मिठी मारता येते का, एवढाच तिचा कुस्तीशी संबंध.

भाच्याने समजावलं. शरीरसौष्ठव वेगळं, फिजिक वेगळं. शरीरसौष्ठवात स्नायू जितके फुगतील तितके बरे. फिजिकमध्ये अति फुगवलेलं चालत नाही. खांदे रुंद, कंबर बारीक, अंग आटोपशीर. हा गट आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये मान्य केला आणि २०१३ पासून तो मिस्टर ऑलिंपिया स्पर्धेच्या मंचावर आला. वजनाऐवजी उंचीप्रमाणे गट पाडतात. अंगावर छोटी चड्डी नसते, गुडघ्यापर्यंत येणारी ऐसपैस शॉर्ट असते.

“गुडघ्यापर्यंत?” आईने पुन्हा विचारलं. मग म्हणाली, “उतर बाबा.” घरातली परवानगी अशी कापडावर मिळाली.

त्याच्या कोचने सांगितलेला सिद्धांत त्याने मला ऐकवला. कमरेचं हाड आणि बरगड्यांची रुंदी जन्माला येताना ठरते, तिथे काही करता येत नाही. वर चढलेली चरबी काढता येते, तेवढंच. म्हणून कंबर बारीक करण्याचा अर्धा मार्ग खांद्यावरून जातो. खांदा इंचभर रुंद झाला की कंबर न हलता बारीक दिसू लागते. हे ऐकून माझ्यातला इन्स्पेक्टर अस्वस्थ झाला. आमच्याकडे शाफ्ट ओव्हरसाइज निघाला तर रिवर्क, अंडरसाइज निघाला तर स्क्रॅप. इथे उलटंच. अंडरसाइज खांद्यावर वेल्डिंग न करता मटेरियल चढवायचं, आणि तेसुद्धा त्याच ऑपरेटरने, स्वतःच्याच अंगावर.

खांद्याच्या स्नायूचे, डेल्टॉइडचे, तीन भाग असतात: पुढचा, मधला आणि मागचा. पुढच्याला छातीच्या व्यायामातच काम मिळतं, म्हणून तो सगळ्यांचा बरा असतो. मागचा आरशात दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. रुंदी देतो तो मधला, आणि त्याच्यासाठी हात दोन्ही बाजूंना पंखासारखे खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे. यात मानी माणसाची पंचाईत होते, कारण हा व्यायाम हलक्या वजनाने करावा लागतो. शेजारचा पोरगा धाडधाड मोठ्या प्लेटा आपटतोय आणि आपण पाच किलोचा डंबेल घेऊन घामाघूम. जड घेतलं की खांद्याऐवजी मान आणि कंबर झोके देऊन वजन वर नेतात आणि खांद्याचा सांधा कुरकुरायला लागतो. “वजन उचलू नको, कोपर उचल,” असं कोच म्हणे. भाचा घरीही सराव करायचा. बायकोने त्याला तेलाचे डबे दिले, पण आधी त्यातलं तेल काढून घेतलं.

या व्यायामाचे परिणाम चाकणमध्ये दिसत. कंपनीच्या गेटवर सुटताना सिक्युरिटी तपासणी करतो. “हात वर करा,” तो म्हणाला, की खांद्याच्या दिवसानंतर भाच्याचे हात छातीपर्यंत येऊन थांबायचे. सिक्युरिटीला वाटायचं, पोरगा बगलेत काहीतरी लपवतोय. त्याने कसून झडती घेतली, आणि निघालं काय तर मधलं डेल्टॉइड, तेही अजून तयार व्हायचं होतं.

कंबरेचं प्रकरण मात्र व्यायामशाळेत सुटणारं नव्हतं, ते आमच्या स्वयंपाकघरात आलं. जिममध्ये पोरं हातात डंबेल घेऊन डावीकडे-उजवीकडे वाकतात आणि समजतात, बाजूची चरबी कापली जातेय. प्रत्यक्षात चरबी अंगाच्या ज्या भागाचा व्यायाम कराल तिथूनच जाते असं नाही. ती सगळीकडून थोडी थोडी जाते आणि पुरुषांच्या पोटावरून बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी. वर जड वजन घेऊन वाकल्याने बाजूचे स्नायू जाड होण्याचीच शक्यता. म्हणजे कंबर कमी करायला गेलेला गडी ती वाढवून परत येतो. राहता राहिला आहार. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी. एका वडापावात तीनशेच्या आसपास. भाच्याने भागाकार करून दाखवला: एक किलो चरबी म्हणजे पंचवीस-सव्वीस वडापाव. मी बराच वेळ गप्प बसलो. हातातला संपेपर्यंत बोलता येत नव्हतं.

मग घरात तराजू आला. भात मोजून, चिकन मोजून, तेल चमच्याने. वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅमपर्यंत प्रोटीन हवं, म्हणून रोज अंड्यांचा खच. पण खायचं फक्त पांढरं, कारण अंड्यातली चरबी जवळजवळ सगळी पिवळ्यात. आता पिवळं टाकायचं कुठे? टाकून देणं हे बायकोच्या तत्त्वात बसत नाही. मग पिवळ्याची भुर्जी, पिवळ्याचं ऑम्लेट, पिवळं घातलेली कसली तरी खीर, आणि या सगळ्याचा एकमेव ग्राहक मी. गणपतीत त्याच्या वाटणीचे मोदक मला, दिवाळीत त्याच्या वाटणीच्या करंज्या मला. शाळेत शिकलो होतो की वस्तुमान नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतं. भाच्याच्या पोटावरून निघालेलं सगळं घरातच राहिलं.

“अहो, तुम्ही दोघं मिळून तेवढेच आहात,” बायको म्हणाली. घरातल्या एकूण कंबरेवर तिचं बारीक लक्ष होतं.

पोट आत खेचण्याचा एक प्रकारही तो करू लागला. श्वास पूर्ण सोडायचा आणि पोट बरगड्यांखाली असं ओढायचं की समोरून फक्त खळगा दिसावा. याला जिममध्ये व्हॅक्यूम म्हणतात. अमेरिकेचा फ्रँक झेन यासाठी प्रसिद्ध. १९७७ ते १९७९ अशी सलग तीन वर्षं तो मिस्टर ऑलिंपिया होता, आणि त्याआधी १९६८ मध्ये मायामीत त्याने आपल्यापेक्षा कितीतरी आडव्या अर्नोल्ड श्वार्झनेगरला हरवलं होतं. भाचा हे भक्तिभावाने सांगत असताना आई म्हणाली, “हा तर उड्डियान बंध. आमच्या लहानपणी शेजारचे अण्णा करायचे. त्यांना कोणी कप दिला नाही.”

आईचा मुद्दा इतिहासालाही धरून आहे. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी (आपलं परिहार चौकवालं औंध वेगळं) यांनी १८९७ मध्ये शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोची पुस्तकं आणि साधनं मागवून दहाएक वर्षं निष्ठेने त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. मग १९०८ पासून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि असे वळले की सगळ्या संस्थानाला नमस्कार घालायला लावले. विलायती डंबेलपासून सुरुवात करून अंगणातल्या सतरंजीवर पोचण्याची आपली परंपरा जुनी आहे.

एवढं होऊनही एक मोह टाळावा लागला. जिममधल्या एकाने ‘लवकर फरक पडणारी’ इंजेक्शनची बाटली सुचवली. लेबल धड नाही, बिल नाही. असली इंजेक्शनं हृदयाला, यकृताला त्रास देतात आणि शरीर स्वतःचं हार्मोन बनवणं थांबवतं, हे कोचने त्याला आधीच सांगितलं होतं. मी माझ्या भाषेत सांगितलं, “मटेरियल सर्टिफिकेट नसलेला माल आम्ही गेटवरूनच परत पाठवतो.” बाटली परत गेली.

दर रविवारी सकाळी चहाच्या आधी मी माप घ्यायचो. टेप शिंपीकामाची, इन्स्पेक्टर तीस वर्षांच्या अनुभवाचा, पण जॉब श्वास घेणारा. टेप लावली की भाचा पोट आत घ्यायचा. मी वाट बघायचो. शेवटी तोही माणूसच, श्वास सोडायचा, आणि तेव्हाचा आकडा मी लिहायचो. त्याला कुठून तरी कळलं होतं की खांदा आणि कंबर यांचं आदर्श प्रमाण १.६१८. म्हणजे कंबर तीस इंच असेल तर खांद्यांचा घेर साडेअठ्ठेचाळीस. त्याचे होते एकतीस आणि शेहेचाळीस. मला जन्मात पहिल्यांदा माणसाचं ड्रॉइंग मिळालं होतं. मी आनंदाने कोचला फोन लावला आणि विचारलं, “टॉलरन्स किती?”

“मामा, स्टेजवर टेप नसते.”

“मग मोजतात कशाने?”

“बघून.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या गावात नटबोल्टसुद्धा गेज लावल्याशिवाय पुढे जात नाही, तिथे अख्खा माणूस नुसता बघून पास करायचा? पण ही रीत पहिल्यापासूनची आहे. सँडोने १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अशी मोठी स्पर्धा भरवली, तेव्हा त्याच्या सोबतीला परीक्षक म्हणून एक शिल्पकार होता आणि दुसरा शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल. शिल्पकाराचं समजू शकतो. डॉयलना बहुधा हरवलेल्या कंबरा शोधायला बोलावलं असावं.

स्पर्धेच्या आदल्या रात्री भाच्याला रंग लावला. स्टेजवरच्या झगझगीत दिव्यांत स्नायूंच्या रेषा दिसाव्यात म्हणून गडद तपकिरी रंग अंगभर फासतात. स्थळ बघताना ‘मुलगा गोरा आहे’ असं अभिमानाने सांगणारी माझी बहीण बार्शीहून खास आली होती. तिने मुलाला पाहिलं आणि ती सोफ्यावर बसली. बसल्यावर बायको ओरडली, कारण भाचा आधी तिथेच बसून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सगळं घर प्रेक्षागृहात. नंबराचे बिल्ले लावलेली पोरं रांगेत आली. अनवाणी, रंगवलेली, आणि सगळी हसतमुख. पोटात दोन दिवस धड पाणी नसताना हसणं हाही या खेळाचा व्यायामच. समोर, बाजू, पाठ, पुन्हा बाजू असं वळत त्यांना उभं राहायचं. समोरून उभं राहताना एक हात कमरेवर.

“एकच का?” आई मोठ्याने म्हणाली. “विठोबासारखे दोन्ही ठेव की!” पुढच्या रांगेतले चारजण मागे वळले. तुकोबांची पालखी दरवर्षी आकुर्डीला मुक्कामाला असते आणि आईला त्या मुक्कामाची आयुष्यभराची सवय. कमरेवर हात ठेवून उभं राहण्यात शेवटचा शब्द कोणाचा, याबद्दल तिच्या मनात शंका नाही. “अठ्ठावीस युगं उभा आहे,” ती बायकोला सांगत होती, “हा दहा मिनिटांत थरथरतोय.”

आणि मग मला परीक्षकांची रीत कळली. ते एकेकाला बघतच नव्हते. नंबर पुकारून पोरांना मधोमध आणायचे आणि सारखे शेजार बदलायचे. बारा नंबरच्या शेजारी भाचा उभा राहिला तेव्हा त्याची कंबर खरंच सिंहाची वाटली. मग त्याला चार नंबरशेजारी नेलं, आणि त्याच एकतीस इंचांची मला लाज वाटली. पोरगा तोच, कंबर तीच, मिनिटभरापूर्वीचीच. या पट्ट्यात स्वतःच्या गुणांनी बारीक असलेली कंबर मी एकच पाहिली आहे, चाकणच्या तळेगाव चौकाची, आणि तीसुद्धा चारी बाजूंनी कंटेनर येऊन उभे राहतात म्हणूनच जाणवते.

भाच्याचा नंबर पाचवा आला. एका परीक्षकांनी खाली उतरल्यावर त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, “कंबर छान आणलीस. खांदे अजून भरायला हवेत.” तो हात मग त्यांनी बराच वेळ रुमालाला पुसला. मला मात्र त्या निकालात खोट काढता येईना. टेपने मी जे लिहिलं होतं, तेच त्यांनी बघून सांगितलं होतं: कंबर ओके, खांदा रिवर्क.

भाचा दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा कोपर उचलायला लागला. मी वेगळा बोध घेतला. आयुष्यभर मी माणसाकडे बाकीच्यांना झाकून, एकट्याला फिक्स्चरमध्ये धरून बघत आलो. पगार, फ्लॅट, पोट, सगळ्यांचे आकडे. पण जगाच्या स्टेजवर टेप नसते आणि जो तो शेजाऱ्यावरून ठरतो. एवढं कळल्यावर कंबर कमी करण्याची काय गरज? जागा तेवढी नीट निवडायची. त्यामुळे आता घरच्या फोटोत मी भाच्याच्या आसपासही फिरकत नाही. कंपनीच्या निरोप समारंभाला, सोसायटीच्या पूजेला, लग्नाच्या स्टेजवर, जिथे कॅमेरा निघतो तिथे मी भोसरीतला माझा एक जुना पैलवान मित्र शोधतो आणि त्याला चिकटून उभा राहतो. फोटो बघून बायकोसुद्धा परवा म्हणाली, “अहो, उतरलात का जरा?”