बोर्डाला गणित येतं

सातवीच्या गणितात भूमितीय रचनांचा पाठ आहे. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांचे दुभाजक काढा, ते एकसंपाती असतात, म्हणजे एकाच बिंदूतून जातात, असं पुस्तक सांगतं. वहीत तसं सहसा होत नाही. वहीत पहिले दोन दुभाजक गुण्यागोविंदाने भेटतात आणि तिसरा त्यांना ओळख न दाखवता शेजारून निघून जातो. मध्ये एक इवलासा त्रिकोण तयार होतो. तो पुस्तकात नाही, सरांना नको आहे आणि खोडरबराने पुरता जात नाही. मग चाणाक्ष पोर पेन्सिलीचं टोक दाबून तिथे असा ठसठशीत ठिपका देतं, की तिन्ही रेषा त्यात बुडाल्याच पाहिजेत. पिढ्यानपिढ्या महाराष्ट्रातले दुभाजक असेच एकसंपाती झाले. इंटरॅक्टिव्ह बोर्डावर ही भानगडच नाही. बोट तीन ठिकाणी टेकवलं की त्रिकोण, आणखी तीनदा टेकवलं की दुभाजक, तिन्ही एका बिंदूत हजर. शिरोबिंदू धरून ओढा, त्रिकोण लांबट करा, बुटका करा, पार आडवा पाडा, त्यांची एकी मोडत नाही. अशी एकी एखाद्या साखर कारखान्याच्या निवडणुकीत दिसली तर पहिल्या पानावर बातमी येईल. तेव्हा बोर्डाला गणित येतं, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. अडचण इतकीच, की परीक्षेला बोर्ड बसत नाही.

आणि हा बोर्ड काही पुण्या-मुंबईचंच कौतुक राहिलेला नाही. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. 14 तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर, एका टोकाला कळसूबाईच्या पायथ्याचं अकोले आणि दुसऱ्या टोकाला जामखेड. 2015 च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा या चिमुकल्या शाळेच्या डिजिटल वर्गाची कीर्ती राज्यभर झाली आणि इथल्याही जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये लोकवर्गणीचं वारं सुटलं. यात्रेला आणि सप्त्याला वर्गणी देणाऱ्या गावांनी ती शाळेलाही द्यावी, ही सोपी गोष्ट नव्हे. तिची टिंगल करण्याचा इथे मुळीच इरादा नाही. टिंगल करायची आहे ती त्यानंतरच्या समजुतीची: बोर्ड आला म्हणजे गणित आलं.

फळ्यावरून खळबळ माजण्याची परंपरा तशी जुनी आहे. 1830 मध्ये अमेरिकेतल्या येल कॉलेजात शांकवांच्या आकृत्या पुस्तकात न बघता फळ्यावर काढून दाखवा, असा हुकूम निघाला. विद्यार्थ्यांनी बंड केलं आणि चाळीसहून अधिक जणांची नावं एका झटक्यात कमी झाली. आपल्याकडे तर 1987 मध्ये केंद्र सरकारला खडू-फळा मोहीमच काढावी लागली. दोन खोल्या, दोन शिक्षक, फळा आणि किमान साहित्य प्रत्येक प्राथमिक शाळेला मिळावं, हा तिचा उद्देश. म्हणजे साधा काळा फळासुद्धा एकेकाळी सरकारी योजना होता, आणि त्याच्याकडे पाहून कुणीतरी ‘कशाला ही थेरं’ म्हटलंच असेल. त्यामुळे नवं ते वाईट असं म्हणण्यात अर्थ नाही. पण येलच्या मुलांचं दुःख नेमकं काय होतं ते पाहा. त्या फळ्यामुळे काम त्यांच्या अंगावर पडणार होतं. नव्या बोर्डाविरुद्ध जगात कुठे विद्यार्थ्यांनी बंड केल्याचं ऐकिवात नाही. का नाही, हेही त्यातच आलं.

आता थोडं गणितच करू. पस्तीस मिनिटांचा तास, चाळीसचा पट. सगळ्यांना समान संधी द्यायची तर प्रत्येकाच्या वाट्याला बावन्न सेकंद येतात. त्यात बाकावरून उठणं, मधल्या दप्तरांवरून उड्या मारत पुढे येणं, बोर्डाला बोट लावून हसणं आणि परत जाणं धरा. इंटरॅक्टिव्ह बोर्डाचा संवाद वर्गात एका वेळी एकाशी चालतो, फार तर दोघांशी. उरलेली अडतीस-एकोणचाळीस पोरं प्रेक्षक. हगाम्यातल्या कुस्त्या बघून कुणाची छाती रुंदावल्याचं नगर जिल्ह्यात तरी कुणी पाहिलेलं नाही. भागाकाराचंही तसंच आहे. आणि हा काही केवळ गावरान तर्क नाही. ब्रिटिश सरकारने असे बोर्ड मोठ्या प्रमाणावर बसवले, तेव्हा लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने माध्यमिक शाळांमधले इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचे वर्ग तपासून 2007 मध्ये अहवाल दिला. बोर्ड आल्याच्या पहिल्या वर्षात गुणांमध्ये वाढ झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या वर्गात तर एकेक मूल पाळीपाळीने बोर्डापाशी येत गेल्याने सगळ्या वर्गाची गती मंदावू शकते, असंही त्यात नोंदवलं आहे. लंडनच्या पोरांनाही बाकावरून उठून यायला वेळच लागतो, हे वाचून बरं वाटलं.

बोर्ड विकणारे लगेच दुसरा अभ्यास पुढे करतील, आणि तो करावाच. अमेरिकेत रॉबर्ट मार्झानो यांनी 85 शिक्षकांच्या 170 वर्गांची तुलना 2009 मध्ये मांडली. बोर्डवाल्या वर्गांची प्रगती सरासरीने चांगली निघाली, आणि ती थोडीथोडकी नव्हे. हा अभ्यास बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाला होता, हे सांगून तो उडवून लावता येईल, पण ते आळशीपणाचं होईल. त्यापेक्षा त्याच लेखात पुढे काय आहे ते वाचावं. शंभरातल्या 23 प्रसंगी त्याच शिक्षकांचा बोर्डाशिवायचा वर्ग सरस ठरला. म्हणजे बोर्ड लावल्यावर कुणाचं शिकवणं उजळतं आणि कुणाचं बिघडतं. कारणंही तिथे दिली आहेत: भराभर पानं सरकवणं, मजकुराची आणि चित्रांची गर्दी, बरोबर उत्तराला टाळ्यांचे आवाज. आपल्याकडच्या तयार अभ्यासक्रमांतल्या टाळ्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे ऋण संख्यांची बेरीज चुकली तरी एक कार्टून ‘पुन्हा प्रयत्न कर’ म्हणतं. पोर चारपैकी दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवतं, मग तिसऱ्यावर. चौथ्यापर्यंत टाळ्या नक्की.

‘पण मुलांना आवडतं की!’ हा आक्षेप सर्वांत जोरात येतो, आणि तो खराही आहे. मुलांना आवडतं, शाळेत येण्याची ओढ वाढते, याला किंमत आहे. फक्त आवडणं आणि येणं यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. ग्रामीण भारताचं ‘असर’ सर्वेक्षण मुलांना घरी गाठून तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगतं. आठवीतल्या मुलांपैकी ते जमणारी मुलं 2018 मध्ये 44 टक्के होती आणि 2024 मध्ये 45.8 टक्के. मधल्या सहा वर्षांत देशात किती मोबाइल, किती टॅब, किती पडदे आले, मध्ये टाळेबंदीही येऊन गेली. भागाकार आपला जागच्या जागी. यात बोर्डाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. बोर्डाने चमत्कार केला असं मात्र कुणी म्हणू नये.

बोर्डाची खरी जागा कुठे? जिथे गणित हलतं तिथे. खडूने काढलेला त्रिकोण जन्मभर एकच त्रिकोण असतो. जिओजेब्रासारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडून शिरोबिंदू ओढला, की कोनांची मापं पळू लागतात आणि बेरीज मात्र 180 वर ठाण मांडून बसते. आठवीतली समांतर रेषा आणि छेदिकेची जोडी घ्या. छेदिका फिरवली की संगत कोन बरोबरीने बदलतात. हे दहा मिनिटांत डोळ्यांना पटतं, आणि खडूला ते साधणं कठीण. दुसरा उपयोग म्हणजे साठवण. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि पोरं मधले महिने शाळेबाहेर राहतात. ती परत येतात तेव्हा पूर्णांक संपून गुणोत्तर सुरू झालेलं असतं. बोर्डावरचा तास जतन करून ठेवला असेल तर त्या पोराला तो पुन्हा दाखवता येतो. काळा फळा पुसला की पुसला. द्विशिक्षकी शाळेत एका वर्गाला बोर्डापाशी बसवून दुसरा हाताळता येतो, हाही युक्तिवाद ऐकला आहे. चालेल, पण समोर बसवलेल्यांच्या मांडीवर पाटी हवी. नाहीतर ते नुसतं बसवणं झालं.

यंत्राचे नखरे आहेतच, त्यांवर फार शाई घालवत नाही. एकच सांगतो. प्रोजेक्टरवाल्या जुन्या बोर्डाला रोज सकाळी कोपऱ्यांतल्या फुल्यांवर पेन टेकवून ओळख पटवून द्यावी लागते. वरून कुणी पंखा पुसताना प्रोजेक्टरला धक्का लावला, की पेन टेकतं इथे आणि रेष उमटते चार बोटं डावीकडे. बिंदू ‘अ’मधून रेषा काढा म्हणावं तर ती ‘ब’च्या घरी. शिवाय काढणारे सर मध्ये उभे असल्याने निम्मा काटकोन त्यांच्या पाठीवर. प्रोजेक्टरशिवायची नवी पॅनलं ही खोड करत नाहीत. त्यांना फक्त वीज लागते.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. शहरातल्या महागड्या शाळांत सगळं असताना गावच्या पोरांनी पाटीवरच का राहायचं? राहू नये. पण बरोबरी करायची तर पूर्ण करावी. तिथे बोर्डाबरोबर एकेका विषयाला एकेक शिक्षक असतो. इथे सातवीच्या गणिताच्या सरांकडे मतदार याद्या असतात, पोषण आहाराची नोंदवही असते, आणि बोर्डाचं प्रशिक्षण म्हणून एका दुपारी बसवायला आलेल्या माणसाने चालू-बंद करायचं बटण दाखवलेलं असतं. शिक्षक घडवण्याची या जिल्ह्याला जुनी सवय आहे. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं प्रशिक्षण नगरलाही घेतलं, अमेरिकन मिशनरी मिस फरार यांच्या शाळेत. पॅनलच्या किमतीतला काही हिस्सा सरांना जिओजेब्रा नीट शिकवण्यात आणि नेवासा तालुक्यातल्या घोडेगावच्या कांदा बाजारातल्या खऱ्या हिशेबपट्ट्या गोळा करण्यात घातला, तर बोर्डावर दाखवायला निदान काहीतरी येईल. क्विंटल गुणिले भाव, वजा हमाली, वजा तोलाई, हातात उरले किती, हे उदाहरण शेकडेवारीच्या तयार कार्टूनपेक्षा नेवाशातल्या पोराला लवकर कळेल. काही घरांत तर बापालाही.

म्हणून माझं मत असं. गणिताच्या तासाला बोर्ड दहा मिनिटं, पाटी-वही पंचवीस. आधी वहीत तिन्ही दुभाजक चुकू द्यावेत, मधला तो नको असलेला त्रिकोण सगळ्यांना दिसू द्यावा, ‘माझा तिसरा का फसला?’ यावर बाकाबाकांवर भांडणं होऊ द्यावीत, आणि मग बोर्ड लावावा. आधी बोर्ड लावला तर भांडायला काही उरतच नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तेव्हा विनंती त्यांनाच. बोर्डाच्या उद्घाटनाला जाल, नारळ फुटेल, सत्कार होतील, पेढे वाटून होतील. मग सातवीतल्या मागच्या बाकावरच्या एखाद्या पोराशेजारी बसा आणि पाटीवर 847 ला 7 ने भागायला सांगा. उत्तर 121, बाकी शून्य. त्याला ते आलं तर दुसऱ्या बोर्डाच्या वर्गणीला खुशाल सुरुवात करा. नाही आलं तर आधी चाळीस पाट्या घ्या.