घाटावरील आरोग्यसंग्राहक

काशीत पंचगंगा घाटाजवळ पेशवेकाळी बांधला गेलेला बालाजी घाट बिस्मिल्ला खाँ यांनी तेथील मंदिरात केलेल्या सनईच्या रियाजामुळे ख्यातनाम झाला असला, तरी त्या परिसरात, विशेषतः दुर्गाघाट व ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत, पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी वस्तीत अलीकडे आढळू लागलेला एक गृहस्थप्रकार अद्याप अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला आहे. आपल्या हृदयाचे ठोके, झोपेचे तास व पावलांची संख्या परक्या कंपनीच्या हाती पडू नये म्हणून हा गृहस्थ ती स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे अहोरात्र चालू राहून इतर यंत्रांना साठवण पुरवणाऱ्या संगणकावर, जतन करतो. तळहातावर मावणारे रास्पबेरी पाय हे यंत्र, त्याला जोडलेली हार्ड डिस्क आणि नेक्स्टक्लाउड ही २०१६ पासून प्रचारात असलेली मुक्त प्रणाली एवढाच या सर्व्हरचा ऐवज असून त्याची स्थापना देवघराशेजारच्या कोनाड्यात होते, कारण इन्व्हर्टरची तार तेथवरच पोहोचते.

फोनमधील नोंदी सर्व्हरवरील नोंदींशी जुळवून घेणे, ज्याला सिंक म्हणतात, हे या गृहस्थाचे नित्यकर्म होय. आयफोन कुलूपबंद असताना त्यातील आरोग्याच्या नोंदी कूटबद्ध राहतात व कोणत्याही ॲपला वाचता येत नाहीत. साहजिकच घरातील इतरांचा इंटरनेटवापर थांबलेल्या पहाटे तीनच्या मुहूर्तावर हा गृहस्थ उठून फोन उघडतो आणि आपल्या गाढ झोपेची आकडेवारी सर्व्हरकडे रवाना करतो. फोनमधील वायुदाबमापक सुमारे तीन मीटरच्या चढाला एक मजला मोजतो, उतरण्याचे मात्र काहीच श्रेय देत नाही. त्यात गंगास्नानाला फोन नेता येत नसल्यामुळे स्नानानंतरचा चढ नोंदीवाचून वाया जातो, तेव्हा तो घरी येऊन, फोन घेऊन, घाट पुन्हा उतरतो आणि पुन्हा चढतो. पुण्य पहिल्या फेरीचे, मजले दुसऱ्या फेरीचे.

घाटांवरील ऑप्टिकल फायबरच्या तारा माकडांनी कुरतडल्याच्या बातम्या २०१५ मध्ये आल्या होत्या, तरीही सर्व्हर घरातच असल्याने आपण निर्धास्त आहोत असे तो सांगतो. तीर्थोपाध्यायांनी यजमानांच्या वंशावळी आपापल्या घरच्या वह्यांतच राखल्या, असा दाखलाही तो देतो, आणि तो बिनतोड आहे. फक्त त्या वह्या उघडायला यजमान दुरून येत असत, याच्या नोंदी उघडायला घरचेही कोणी येत नाही.

गोपनीयतेचा हा सारा खटाटोप अशा गल्लीत चालतो, जिथे त्याच्या रक्तशर्करेची अद्ययावत प्रत नाक्यावरच्या कचोरीवाल्याकडे असते व जिलबी बंद झाल्याचे वृत्त पत्नीआधी शेजारणीला कळते. डॉक्टर मात्र रक्तदाब पाहून "चालता ना रोज?" एवढेच विचारतात आणि तोही "हो" एवढेच सांगतो.