वाळ्यांसकट वजन

(बाळंतिणीची खोली. शेगडीत ओवा धुमसतोय. बाळाचा आज चौदावा दिवस. आशाताई पिशवीतून झोळीचा काटा काढते.)

आशाताई : आजी, टोपी, दुपटं आणि वाळे काढा.

आजी : वाळे राहू देत. चांदीचे आहेत, चांगले वजनदार!

आशाताई : म्हणूनच काढा. (काटा वाचत) 2 किलो 900.

आजी : अगं, जन्मलं तेव्हाही एवढंच होतं! चौदा दिवस पिऊन जैसे थे?

आशाताई : तिसऱ्या दिवशी 2 किलो 700 होतं ना? सुरुवातीला सगळीच उतरतात. दोन आठवड्यांत भरून काढलं, म्हणजे बरोबर चाललंय. आता रोज 20 ते 30 ग्रॅम चढायला हवेत.

आजी : शेजारचा बघ, डब्याच्या दुधावर कसा गुटगुटीत!

आशाताई : तो पाच महिन्यांचा आहे, आजी! आणि डब्याच्या दुधात प्रथिनं जास्त. तिसऱ्या महिन्यानंतर ती पोरं अंगानं पुढे जातात, आईच्या दुधावरची जरा सावकाश. म्हणून तर 2006 साली जागतिक आरोग्य संघटनेनं आईच्या दुधावरच्या बाळांची वजनं घेऊन नवे तक्ते काढले. सहा देशांतली बाळं, त्यात आपल्या दिल्लीचीही.

आजी : दिल्लीची? ती लस्सीवर वाढतात!

आशाताई : बरं, वरचं काही देताय?

आजी : काही नाही हो. नुसती गुटी.

सून : (हळूच) आणि मध. आणि चमच्यानं पाणी.

आजी : बाळाचा घसा सुकेल म्हणून!

आशाताई : आईच्या दुधात पाणी भरपूर असतं. एवढंसं पोट पाण्यानं भरलं, तर दूध कुठे मावणार? आणि मध वर्षाच्या आत बोटभरही नको, विषबाधा होऊ शकते. वहिनी, पाजून दाखवा बरं.

(सून पाजायला घेते. आजींची नजर घड्याळावर.)

आजी : दहा मिनिटं ही बाजू, दहा ती!

आशाताई : घड्याळ राहू दे. हा बघा, नुसतं टोक चोखतोय. दमून झोपणार, वजन कुठून चढेल? तोंड मोठं उघडलं की जवळ ओढा. खालचा काळा भाग जास्त आत. हनुवटी छातीला टेकली? आता एक बाजू पुरती रिकामी होऊ द्या, साईचं दूध शेवटी येतं.

(खोलीत गटक्-गटक् आवाज.)

आजी : ऐकलंस? सकाळच्या गुटीनं भूक कशी खवळली!