दरपत्रक

हिंगोलीच्या माणसाला भाव विचारायची लाज नाही. संत नामदेव हळद मार्केटमध्ये ढीग लागतात, खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघतात, बोली होते आणि कुणाची हळद काय भावानं गेली हे दुपारच्या आत वसमतपासून सेनगावपर्यंत सगळ्या मोबाइलवर पोचतं. लग्नपत्रिका एक वेळ न वाचता ठेवून देतील, पण सोयाबीनचा आजचा भाव तोंडपाठ. बैलाचा सौदा तेवढा झाकून होतो. उपरण्याखाली हात जातात, बोटं दाबली जातात, चेहरे मख्ख राहतात. तरी तिथं दोन्ही बाजूंचे हात असतात. दवाखान्याच्या बिलाचा सौदाही असाच उपरण्याखाली होतो. फक्त तिथं आपला हात आत घेत नाहीत, खिसा घेतात.

वास्तविक यावर नियम आहे. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारनं शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती केली आणि खासगी दवाखान्यांनी ठरावीक सेवांचे दर आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी असं सांगितलं. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवायचा नाही, हेही त्यातच आहे. हे सरकारला नियम करून सांगावं लागलं, यावर मी काही बोलत नाही. आमच्याकडच्या एका दवाखान्यात मी तो दर्शनी भाग शोधला. तिथं तिरुपती बालाजी होता, औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, माशांची मोठी टाकी होती. दरपत्रक टाकीच्या मागं होतं. माशांना सगळे दर माहीत असावेत. अधूनमधून ते तोंड उघडत होते, पण बोलायचं राहून जात होतं.

जिल्ह्यात दरपत्रक चारचौघांत लागलं ते वेगळ्याच मालाचं. नोव्हेंबर २०२३. पाऊस दगा देऊन गेलेला, सोयाबीन पिवळं पडून गेलेलं, डोक्यावर पीककर्ज. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की आमचे अवयव विकत घ्या आणि कर्ज फेडून घ्या. सोबत भाव दिले होते. किडनी ७५ हजार, यकृत ९० हजार, डोळे २५ हजार. घासाघीस नाही, उपरणं नाही, सगळं लेखी. मी बेरीज केली, कारण आमच्याकडे आकडे दिसले की बेरीज होतेच. एक लाख नव्वद हजार. त्याच वर्षी जूनमध्ये मंत्रिमंडळानं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं होतं आणि ते राज्यातल्या सगळ्यांना द्यायचं ठरवलं होतं. म्हणजे घरातलं कुणी आजारी पडलं तर सरकार वर्षाला पाच लाखांपर्यंत भरणार, आणि घरचा कर्ता धडधाकट असताना दोन लाखांच्या आत निघतो. आजारी माणसाचा भाव निरोगी माणसापेक्षा जास्त, असा बाजार हळदीत कुणी पाहिला नसेल.

सरकारला ही खरेदी करताही येत नव्हती. अवयवांच्या विक्रीला १९९४ चा कायदा आडवा येतो. त्या दहा जणांना हे माहीत नसेल असं समजू नका. विकायचं त्यांना काहीच नव्हतं, आपला भाव काय झालाय तेवढं दाखवायचं होतं.

सत्तेशी आमची ओळख तशी जुनी. निजामाच्या काळात इथं छावणी होती. पलटण, तोफखाना, रिसाला, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावं अजून टिकून आहेत. सत्तेचा सगळा जीवनक्रमच त्यात आला: आधी पलटण येते, मग तोफ उडते, शेवटी पेन्शन सुरू होते. १ मे १९९९ ला परभणीतून निघून आम्ही स्वतंत्र जिल्हा झालो. तोवर जिल्ह्याच्या साहेबाला शिव्या द्यायच्या तर परभणीकडं तोंड करून द्याव्या लागत. आता घरबसल्या देता येतात. सोय झाली हे मान्य करायला पाहिजे.

दुखणं मात्र अजून जिल्ह्याबाहेर जातं. गावातलं उपकेंद्र म्हणतं तालुक्याला न्या, तालुका म्हणतो हिंगोलीला न्या आणि हिंगोली म्हणते नांदेडला न्या. पेशंट एक, जीपमध्ये माणसं सहा. एक जण पैशाचा, एक डब्याचा, एक नुसता धीर द्यायला, आणि एक असा की ज्याच्याकडे कुणाचा तरी नंबर आहे. हा नंबरवाला सगळ्यात महत्त्वाचा. रस्ताभर तो सरकारच्या नावानं खडे फोडतो आणि दवाखान्याच्या फाटकात शिरताच त्याच सरकारातल्या कुणाच्या तरी पीएला फोन लावतो. "साहेब, आपला माणूस हाय, जरा सांगा की." फोन लागतो, पलीकडून "बघतो" येतं, आणि बाकीचे पाच जण त्याच्याकडं मोठ्या आदरानं बघतात. बेड मिळायचा तो रांगेनंच मिळतो. पण श्रेय फोनला जातं आणि निवडणुकीत ते वसूल होतं. ज्याच्या सोबत नंबरवाला नाही, तो सरकारवर चिडत नाही. आपलं नशीब फुटकं म्हणतो. खरा राग नंबर असणाऱ्यांनाच परवडतो.

दवाखान्यातल्या खिडकीचंही तसंच. आमच्या नरसीचे संत नामदेव औंढ्याला नागनाथापुढं कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा त्यांना देवळाच्या मागं जायला सांगितलं, आणि मग देऊळच त्यांच्याकडं फिरलं, अशी आख्यायिका इथलं पोरगंही सांगतं. ओपीडीत "मागच्या खिडकीवर जा" असं ऐकलं की मला हटकून नागनाथ आठवतो. इथं माणूसच फिरतो. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून एक्सरेला, तिथून "दुपारी या"ला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट उपचार निःशुल्क झाले. चांगलंच झालं. पण केसपेपरचे दहा रुपये जाऊन कुणी बुडत नव्हतं. बुडतं ते जीपच्या भाड्यात, बुडालेल्या रोजात आणि "हे बाहेरून आणा" म्हणून दिलेल्या चिठ्ठीत. देशात २०२१-२२ मध्ये आरोग्यावर झालेल्या दर शंभर रुपयांतले ३९ लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले, असा सरकारी हिशेब आहे. हे मी एका मामांना सांगितलं. ते म्हणाले, "बाकीचे एकसष्ट ज्यानं भरले, त्याचा नंबर आहे का?"

२०२३ चा ऑक्टोबर लागता लागता नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस माणसं गेली. त्यातली बारा नवजात बाळं होती. आमच्या जीपा जिथं जाऊन थांबतात, ते हे ठिकाण. यावर विनोद होत नाही. पुढच्या दोन दिवसांत जे झालं त्याकडं मात्र बघावं. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथं पोचले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून घाण झालेलं स्वच्छतागृह साफ करून घेतलं. व्हिडिओ फिरला, खासदारांवर गुन्हा दाखल झाला, टाळ्या वाजवणारे आणि संतापणारे असे दोन तट पडले. खासदार सत्ताधारी पक्षाचे होते. सरकार सरकारवरच चिडलं की लोकांना चिडायला काही उरत नाही. शौचालय त्या दिवशी स्वच्छ झालं असेल. औषधांच्या खरेदीला, रिकाम्या जागांना आणि एका खाटेवरच्या दोन बाळांना झाडू लागत नाही.

आता हिंगोलीलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालंय. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी राज्यातल्या दहा महाविद्यालयांचं एकदम दूरदृश्य प्रणालीनं उद्घाटन केलं, त्यात आपलं होतं. जागा शंभर. ही पोरं शिकून तयार होतील, त्यातली दहा जरी या जिल्ह्यात राहिली तरी मी नंबरवाल्याला जीपमधून उतरवायला तयार आहे. तोवर एक काम आपल्या हातात आहे. दवाखान्यात गेलात की पैसे भरायच्या आधी दरपत्रक कुठं लावलंय ते विचारा. "कामून विचारता?" असं कुणी म्हटलं तर नियम २०२१ चा आहे म्हणा. आणि ते माशांच्या टाकीमागं असेल, तर टाकी सरकवायला सांगा.