ग्रॅव्हलकर

रस्त्यावर खडी पडलेली दिसली की कोकणातला माणूस ठेकेदाराच्या नावानं बोटं मोडतो. ग्रॅव्हलकर मात्र सायकलवरून उतरून तिचा फोटो काढतो.

हा ग्रॅव्हलकर आपलाच. कुठल्यातरी वाडीतला चाकरमानी, चाळिशी ओलांडलेला, नोकरीला हिंजवडीत नाहीतर ठाण्यात. गावच्या सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातलं एक याचं. पूर्वी तो गणपतीला आणि मे महिन्यात आंब्याला यायचा. आता दिवाळी सरली की येतो, कारण पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि त्यावरून सायकल थेट व्हाळात जाते. गाडीच्या टपावर सायकल बांधून तो मुंबई-गोवा महामार्गानं येतो आणि वर सांगतो, ''डांबरावर चालवायला मजाच नाही.'' महामार्गाचं काम इतकी वर्षं ज्यांनी पाहिलंय ते म्हणतील, त्या काळात तिथेच चालवायची होतीस, हवी तेवढी खडी मिळाली असती.

ग्रॅव्हल बाईक ही वस्तू खळ्यात उतरली की वाडी जमा होते. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं आणि चाकं मात्र चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंद, म्हणजे ना धड शर्यतीची, ना धड डोंगरातली. स्टँड नसल्यामुळे ग्रॅव्हलकर ती सरळ तुळशीवृंदावनाला टेकवतो. मग काकी बाहेर येते.

''स्टँड नाय, कॅरियर नाय, मडगार्ड नाय, घंटी नाय. मगे लाखभर रुपये कित्याक घातलंस?''

''त्यामुळे वजन कमी होतं, काकी.''

''सायकलीचा कित्याक? तुझा कर.''

काकीचा दुसरा आक्षेप त्याच्या कपड्यांना असतो. बुडाखाली गादी शिवलेली ती काळी घट्ट चड्डी पाहून ती एवढंच बजावते, की ह्या अवतारात देवळात जाव नको. तिसरा आक्षेप पंक्चरवाल्याचा. या टायरात ट्यूब नसते, आत फणसाच्या चिकासारखा पांढरा द्रव असतो. बारीक काटा घुसला तर तो द्रव भोकाशी येऊन घट्ट होतो आणि भोक आपोआप बुजतं. एकूण धंद्यालाच हा धोका आहे हे पंक्चरवाल्याच्या लगेच लक्षात येतं. शिवाय ग्रॅव्हलकर मुद्दाम हवा कमी ठेवतो, म्हणजे चाक खडीवर उड्या मारत नाही. पंक्चरवाला मात्र परोपकारी. ग्रॅव्हलकर चहा प्यायला वळला की तो दोन्ही चाकं टणक करून ठेवतो आणि पैसेही घेत नाही.

ग्रॅव्हलकराचं पंढरपूर अमेरिकेत आहे. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ पासून खडीवरची दोनशे मैलांची शर्यत भरते, तिला आता 'अनबाउंड ग्रॅव्हल' म्हणतात. २०२२ मध्ये इटलीत या खेळाचं पहिलं जागतिक अजिंक्यपदही झालं. हे सगळं तो घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाता खाता काकांना सांगतो. काका ऐकून घेतात आणि विचारतात, ''एवढा मोठा देश, आणि डांबर नाय?'' प्रश्न बिनतोड आहे. कॅन्ससमध्ये गावोगावचे खडीचे रस्ते मुद्दाम खडीचेच ठेवतात, यंत्र फिरवून वेळोवेळी सपाट करतात. आपल्याकडे खडीचा रस्ता म्हणजे अर्धवट राहिलेला डांबरी रस्ता. खडी आली, रोलर फिरला नाही, डांबर आलं नाही, ठेकेदार दिसला नाही. ग्रॅव्हलकराला या चौथ्या पायरीवर थांबलेला रस्ता सर्वांत प्रिय.

त्याचा आवडता मार्ग कर्लीचा. देवबागला समुद्राला मिळणारी ही नदी उलट्या दिशेनं धरायची. वालावलच्या लक्ष्मीनारायणापाशी तळ्याकाठी थांबायचं, नेरूरवरून कुडाळ गाठायचं आणि तिथून माणगाव खोऱ्यात शिरून रांगण्याच्या पायथ्याच्या शिवापूरपर्यंत जायचं. समुद्रसपाटीवर निघालेला माणूस संध्याकाळी सह्याद्रीच्या भिंतीखाली उभा असतो. माड मागे पडतात, काजू लागतात, मग नुसतं रान. हा रस्ता खरोखर सुंदर आहे आणि त्या बाबतीत मी ग्रॅव्हलकराच्या बाजूचा आहे. मात्र तो स्वतः रस्ता फारसा बघत नाही. हँडलवरच्या चौकोनी यंत्रात चढ किती, वेग किती, छातीचे ठोके किती हे बघत असतो. डांबर लागलं की तो रानातली आडवाट धरतो, ती एखाद्या गडग्याशी नाहीतर चिऱ्याच्या खाणीत संपते. तिथून वर येईपर्यंत पांढरा बनियन चिऱ्याच्या रंगाचा झालेला असतो. मग तो साकवावर उभा राहून फोटो काढतो. पावसाळ्यात त्या साकवावरून पोरं शाळेत न्यायची म्हणजे काय असतं, ते फोटोत येत नाही.

माणगावला दत्तमंदिरात तो पाणी भरायला थांबतो. (देवळाबद्दल काकीनं दिलेली ताकीद इथे मोडली जाते.) तिथे कुणीतरी वयस्कर गृहस्थ ''किती किलोमीटर झाले?'' असं विचारतातच. आकडा सांगताना ग्रॅव्हलकराची छाती फुगते. ते गृहस्थ शांतपणे सांगतात, की टेंबे स्वामी याच गावात १८५४ मध्ये जन्मले आणि त्यांनी सगळा देश पायी पालथा घातला, थेट नर्मदेकाठच्या गरुडेश्वरापर्यंत. स्वामींची एकही फेरी अ‍ॅपवर नोंदलेली नाही. ग्रॅव्हलकर पाण्याची बाटली अडकवतो आणि मुकाट्यानं निघतो.

तिलारीच्या बाजूला त्याचा कस लागतो. २००२ पासून कर्नाटकातले हत्ती दोडामार्गच्या या खोऱ्यात येऊ लागले. ग्रॅव्हलकर टपरीवर वाट विचारतो. टपरीवाला म्हणतो, ''फुडे जाव नको, हत्ती इलो हा.'' ग्रॅव्हलकर यंत्रात पाहून सांगतो, की मार्ग तर मोकळा दिसतोय. टपरीवाला म्हणतो, तसं असेल तर त्या यंत्राक फुडे धाड. शेवटी तो तिथेच बसतो, ट्यूबमधली जेल चोखतो, आणि एवढ्या मलमानं पोट भरत नाही हे पाहून टपरीवाला त्याच्या हातावर खाजा ठेवतो. गूळ आणि आलं पोटात गेल्यावर छातीचे ठोके जागेवर येतात.

पण त्याची खरी कसोटी जत्रेत. कार्तिकात गावोगावच्या जत्रा सुरू होतात, रात्री दशावतार असतो, आणि त्याआधी देवासमोर गाऱ्हाणं घालतात. मानकरी हात जोडून उभे असतात आणि मागे सगळी वाडी.

''बा देवा म्हाराजा, वाडीचो रस्तो डांबरी होवंदे रे म्हाराजा!''

''व्हय म्हाराजा!''

''ह्या कामात जो कोण आडो येत आसात, तेका बाजूक कर रे म्हाराजा!''

''व्हय म्हाराजा!''

या गर्दीत लेंगा घातलेला ग्रॅव्हलकरही असतो आणि शेजारी काकी उभी असल्यामुळे त्याला ओरडावंच लागतं. आवाज मात्र बारीक निघतो. घोटगे-सोनवडे घाटाबद्दलही त्याची हीच पंचाईत. कुडाळ तालुक्यातून वर भुदरगडात निघणाऱ्या या रस्त्याची मागणी फार जुनी. खालच्या गावांना तो हवाच आहे आणि हा मनातल्या मनात म्हणतो, पुढच्या हिवाळ्यापर्यंत तरी राहू दे.

इथे माझं त्याच्याशी पटत नाही. ज्या खडीवर तो 'काय टेक्स्चर आहे' म्हणून हरखतो, तिच्यावरून रिक्षा येत नाही म्हणून आजारी माणसाला डोलीत घालून नेलेलं आमच्याकडच्या वाड्यांनी पाहिलंय. त्याला दोन तास हाडं खिळखिळी करून घ्यायची हौस आहे, गाववाल्यांना बाराही महिने तेच करावं लागतं आणि त्यांना पदकही नाही.

वास्तविक खडीला इथे तोटा नाही. तिलारीचे कालवे गोव्यापर्यंत गेलेत, त्यांच्या कडेनं मातीची वाट आहे. जांभ्याचे उघडे सडे आहेत, सोडून दिलेल्या चिरेखाणींचे रस्ते आहेत, हत्ती नसेल तेव्हा जुना रामघाट आहे. ग्रॅव्हलकराचे दोन्ही गुडघे झिजेपर्यंत हे पुरेल. तेव्हा वाडीच्या रस्त्यावर डांबर पडू दे, त्यानं खुशाल कालव्याकाठी जावं. आणि चिऱ्याच्या डंपरवाल्या दादांनो, त्याच्या सायकलला घंटी नाही. वळणावर हॉर्न तुम्हीच द्या.