न येणाऱ्या गिऱ्हाइकाचा विजय असो

कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान तिशीला टेकला, की त्याच्यापुढे आजवर तीनच वाटा असत. पोलीस भरती, कुठल्या तरी साहेबांच्या मागे दोन पावलांवर उभे राहण्याची नोकरी, नाहीतर गावाकडच्या म्हशी. आता चौथी वाट निघाली आहे : पुणे-बंगळुरू महामार्ग. कोल्हापुरात रात्री बसमध्ये चढलेला पैलवान सकाळी बंगळुरात उतरतो तो थेट ‘पर्सनल ट्रेनर’ होऊन. मधल्या सहाशे किलोमीटरांत त्याच्यात नेमका काय फरक पडतो, हे अजून कुणाला कळलेले नाही.

अशा होतकरू पैलवानांसाठी आजचे सदर आहे. विषय एकच : या धंद्यात नफा कसा करावा? शरीर कसे कमवावे हे तुम्हाला वस्तादांनी शिकवलेलेच आहे. ते विसरायला थोडे दिवस लागतील, पण इलाज नाही.

पहिली गोष्ट कागदाची. पहाटे चारला उठून जोर-बैठका मारल्या, उमेदीची वर्षे लाल मातीत घातली, खासबागेत चांगल्या चांगल्यांची पाठ मातीला लावली, हे सगळे कबूल. पण बंगळुरात त्याचा पुरावा लागतो. वस्ताद पाठीवर थाप देतात. थापेचे लॅमिनेशन होत नाही. तेव्हा एखाद्या अमेरिकी संस्थेची परीक्षा द्या आणि गुडघा ज्या स्नायूंनी वाकतो त्यांची लॅटिन नावे पाठ करा. गंमत अशी की आपल्याकडे पर्सनल ट्रेनर व्हायला सरकारी परवाना लागतच नाही. कागद मागते ते गिऱ्हाईक, आणि तेही त्यावर काय लिहिले आहे हे वाचत नाही. फ्रेम बरी आहे ना, एवढेच बघते.

दुसरी गोष्ट जागेची. कोरमंगला, इंदिरानगर, एचएसआर लेआउट इथे पैसेवाले गिऱ्हाईक दाट आहे. पण जिममध्ये लागलात तर जिमवाला तुमच्या प्रत्येक तासातला वाटा कापून घेतो. मग ‘आपण स्वतंत्र होऊ, घरोघरी जाऊन शिकवू’ असा विचार मनात येईल. तो बळावण्याआधी टॉमटॉम कंपनीचा वाहतुकीचा अहवाल वाचा. २०२२ साली बंगळुरूच्या मध्यवस्तीत १० किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटे १० सेकंद लागत होती आणि जगात या शहराचा नंबर दुसरा होता. पहिले लंडन. सहाचे गिऱ्हाईक जयनगरला आणि सातचे बेलंदूरला असेल, तर तुमचा स्वतःचा व्यायाम सिल्क बोर्डाच्या चौकात क्लच दाबूनच होणार. उशीर झाला म्हणून मात्र घाबरू नका. गिऱ्हाईक स्वतःच डोळे चोळत दार उघडेल आणि म्हणेल, ‘स्वल्प ॲडजस्ट माडी.’ बंगळुरूची राज्यघटना या तीन शब्दांत आहे.

गिऱ्हाईक कमी पडेल, ही भीती तर ठेवूच नका. लालबागेत पहाटे चालायला येणारी माणसे बघा आणि तिथून जवळच एमटीआरपुढे इडलीसाठी लागलेली रांग बघा. दोन्हीकडे तेच चेहरे दिसतील. मल्लेश्वरमला सीटीआरचा बेण्णे डोसा आहे, बसवनगुडीत १९४३ पासून विद्यार्थी भवन आहे; शहराची पोटे पिढ्यान्पिढ्या चोख हातात आहेत. आता तर सरकारी सहकारी दूध महासंघही मदतीला धावला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या ‘नंदिनी’ने इडली-डोशाचे तयार पीठ बाजारात आणले, त्यात व्हे प्रोटीन. म्हणजे डोसा खाणे हाच आता व्यायामाचा भाग झाला. आपल्याकडे थंडाईत बदाम घोटणाऱ्या पोरांनी कधी इतका पुढचा विचार केला होता काय?

आता हिशेबाला बसू. समजा, तासाचे १,००० रुपये मिळतात आणि निम्मे जिमवाला घेतो. माणसे कचेरीला जायच्या आधी आणि कचेरीतून सुटल्यावर व्यायाम करतात; दुपारी जिममध्ये तुम्ही आणि आरसा. सकाळचे चार तास, संध्याकाळचे चार, असे आठ तास धरा. रोजचे ४,००० आणि २६ दिवसांचे १ लाख ४ हजार. आकडा ऐकून गावाकडे फोन लावू नका. ही प्रत्येक गिऱ्हाईक प्रत्येक दिवशी आले तरची गोष्ट आहे. त्यातून अप्रेझलचा पंधरवडा, परदेशचा दौरा, सासुरवाडीचे लग्न, पाऊस आणि पावसाचा अंदाज वजा करा. निम्मे दिवस हाती राहिले, तर ५२ हजार. त्यातून खोलीचे भाडे, पेट्रोल आणि डझनावारी अंडी.

एक समाधान आहे. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर जीएसटीची नोंदणी लागते. जुलै २०२५ मध्ये यूपीआयचे आकडे काढून कर खात्याने बंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या, तेव्हा कित्येकांनी ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. तुम्हाला पाटी रंगवण्याचाही खर्च नाही. भीती वाटावी एवढे उत्पन्नच नाही. जिमवाल्यांचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला खरा, पण यंत्रांवर भरलेला कर त्यांना आता वजा करून मिळत नाही. तेव्हा ती सवलत तुमच्या वाट्यापर्यंत झिरपेल, ही आशाही सोडा.

मग नफा आहे तरी कुठे? पैलवान, इथे नीट लक्ष द्या. वस्तादांनी हा डाव शिकवलेला नाही. नफा आहे तो न येणाऱ्या गिऱ्हाइकात.

हे आमचे मत नाही, शास्त्र आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या सुमारे पावणेआठ हजार सभासदांच्या नोंदी तपासल्या. २००६ साली तो निबंध छापून आला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त ठरीव फी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा येत होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरच्या वर पडत होते. त्याच क्लबात दहा खेपांचा पास १० डॉलर खेपेने मिळत होता. तो न घेता ही सुशिक्षित मंडळी दर महिन्याला न जाण्याचे पैसे भरत होती. कारण उघड आहे. फी भरताना माणूस पुढच्या महिन्यातल्या आपल्याकडे बघतो आणि पुढच्या महिन्यातला आपण नेहमीच सडपातळ असतो.

येणारे गिऱ्हाईक घाम गाळते, एसी वाढवायला सांगते, टॉवेल मागते, तुमचा तास खाते, आणि सुधारलेच तर सोडून जाते. न येणाऱ्याला यातले काही लागत नाही. ते बिचारे स्वतःलाच दोष देते आणि जानेवारीत पुन्हा पैसे भरते. म्हणून तास विकू नका. ‘बारा महिन्यांचे ट्रान्सफॉर्मेशन पॅकेज’ विका.

आपण मराठी माणसे इथेच मार खातो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचेच बघा. सूर्यनमस्कारासाठी या माणसाने आयुष्य वेचले. स्वतः घातले, राणीने घातले, मुलांनी घातले, संस्थानातल्या शाळांतून घालून घेतले, इंग्रजीत पुस्तक लिहिले. फी? एक पै नाही. राजांचा देण्याचा हात असा, की १९३९ साली राज्यघटना करून राज्यकारभारही प्रजेला देऊन टाकला. कोल्हापूरचे शाहू महाराज हे तर पैलवानांचे पहिले गुंतवणूकदार; १९१२ साली खासबागेचे मैदान बांधून दिले आणि परताव्याचे नावही काढले नाही. असल्या परंपरेत वाढलेल्या पोराला नफा शिकवायचा म्हणजे आधी संस्कार पुसावे लागतात.

त्याच काळात बंगळुरात मात्र एक द्रष्टा माणूस काम करत होता. के. व्ही. अय्यर. त्यांची हर्क्युलिस जिम्नॅशियम ही व्यायामशाळा नामांकित होती, म्हैसूरच्या महाराजांचा आश्रय होता, आणि आपल्या देहाचा देवांनाही मोह पडावा असे ते स्वतःच लिहून मोकळे होत. आज यासाठी वेगळा माणूस नेमावा लागतो. १९३७ साली त्यांनी सूर्यनमस्कारावरही पुस्तक काढले. पण त्यांची खरी प्रतिभा पुढेच आहे : अय्यर टपालाने शरीर कमवायला शिकवत. मनीऑर्डर करा, पाठ घरी येतील, तुम्ही घरीच घाम गाळा. न येणारे गिऱ्हाईक हा शोध बंगळुरूने सिलिकॉन चिप यायच्या आधीच लावला होता. अय्यरांचे १९३० सालचे पुस्तक आहे, त्याचे नाव ‘मसल कल्ट’.

आणि २०१६ साली याच शहरात जी मोठी कंपनी उभी राहिली, तिच्या जिमचे नाव ‘कल्ट’. योगायोग असेल. ती उभी करणारे मुकेश बन्सल त्याआधी ‘मिंत्रा’चे, आधी कपडे विकले, मग त्या कपड्यांत मावणारे शरीर विकायला घेतले. त्यांचे भागीदार अंकित नागोरी पुढे वेगळे होऊन क्लाउड किचनच्या धंद्यात गेले. नागोरींच्या कंपनीच्या पदरी आज आरोग्यदायी जेवण आहे, केक आहेत आणि बिर्याणीही आहे. दोन जुन्या भागीदारांनी मिळून शहराचे दोन्ही हातांनी कल्याण करावे, याहून आदर्श वाटणी आम्ही तरी पाहिली नाही. २०२१ साली टाटा डिजिटलने ‘कल्ट’मध्ये साडेसात कोटी डॉलरपर्यंत गुंतवण्याचे जाहीर केले. त्याच्या आदल्या वर्षी टाळेबंदीत हीच कंपनी लहान शहरांतली केंद्रे बंद करत होती आणि शेकड्यांनी माणसे कमी करत होती. गुंतवणूकदार कंपनीकडे येतो, ट्रेनरकडे येत नाही. हे वाक्य त्या फ्रेमशेजारी लावून ठेवा.

तुमची स्पर्धा तर कल्टशीही नाही. २०१२ साली बंगळुरातच ‘हेल्थिफायमी’ निघाली आणि २०१७ पासून तिच्याकडे ‘रिया’ नावाची यांत्रिक सल्लागार आहे. रियाला सिल्क बोर्ड आडवा येत नाही, ती अंडी खात नाही आणि निम्मा वाटा मागत नाही. डोसा खाल्ला म्हणून सांगितले तर ती तो मुकाट्याने कॅलरींत मांडून घेते. वस्तादांनी कानाखाली मांडला असता.

इथवरची थट्टा बाजूला ठेवून आता एक सांगतो. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड नट पुनीत राजकुमार हृदयविकाराने गेले. वय ४६, कसलेले शरीर. सकाळी व्यायामानंतर अस्वस्थ वाटू लागले आणि काही तासांत सगळे संपले. व्यायामाने घात केला असे कुणी म्हणू नये. हृदयाचे दुखणे बाहेरून दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण पुढचे काही दिवस हृदय तपासून घ्यायला बंगळुरूच्या इस्पितळांत रीघ लागली. वजन उचलायला लावण्याआधी रक्तदाब किती, साखर किती, घरात कुणाला हृदयाचा त्रास होता का, हे विचारायला दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांचे पॅकेज कुणी काढलेले नाही, कारण ती समोर बसून, माणसाच्या तोंडाकडे बघून घालवावी लागतात. तालमीत वस्ताद तेच करतात. पोराचा चेहरा उतरलेला दिसला तर ‘आज लढत नको’ म्हणून हौद्याबाहेर काढतात. तो दिवस धंद्याच्या हिशेबात बुडीत आणि तालमीच्या हिशेबात जमा.

तेव्हा पैलवान, निवड तुमची आहे. नफा हवा असेल तर न येणाऱ्यांची यादी वाढवा. रील काढा, पॅकेज विका, जमल्यास स्वतःही जाऊ नका. माणसे धडधाकट करायची असतील, तर महिना ५२ हजारांत भागवा आणि जो येतो त्याच्या अंगावरून नजर हलवू नका. दोन्ही एकदम करून दाखवणारा भेटला, तर त्याच्यावर आम्ही वेगळे सदर लिहू.

आणि वाचकहो, तुम्ही गिऱ्हाईक असाल, तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका. ज्या दिवशी जाल त्या दिवसाचे द्या. महाग वाटेल, पण निदान गेलात की नाही ते कळेल.