आठवा गडी

कबड्डीच्या अर्जावर बारा नावं लिहायची असतात. सात आत उतरतात, पाच बाहेर बसतात. मोठ्या गावांना बारा मिळतातही. वडगाव रासाईत लग्नसराई आली किंवा उसाला तोड लागली की कशीबशी आठ डोकी गोळा होतात, आणि त्यातलं आठवं डोकं गेली कित्येक वर्षं एकच आहे. त्याचं खरं नाव मतदार यादीत आहे. गाव त्याला आठव्या म्हणतं, पोरं आठवेमामा म्हणतात, आणि तालुक्यातले पंच ‘वडगावचे राखीव’ एवढ्यावर ओळखतात.

त्याचं लग्न जमवताना मुलीच्या वडिलांनी विचारलं, “मुलगा कबड्डी खेळतो म्हणं?” मध्यस्थ धार्मिक माणूस, खोटं बोलला नाही. “संघात हाय,” एवढंच म्हणाला. आता आठव्याची बायको पाणवठ्यावर अभिमानाने सांगते की बाकीच्या घरांतल्या गड्यांचे गुडघे गेले, खांदे निखळले, आमचे हे मात्र जसे गेले तसे परत आले.

बाहेर बसणं वाटतं तितकं सोपं नाही. कबड्डीत बाद झालेला गडीही रेषेबाहेरच बसतो, पण त्याचं बसणं तात्पुरतं. आपल्या माणसाने समोरचा एक टिपला की जो आधी बाद झाला तो आधी जिवंत होऊन आत जातो. आठव्याला ही सोय नाही. तो मेलेलाच नसतो, मग त्याला जिवंत कोण करणार? मेलेल्यांच्या शेजारी बसून तो वीस मिनिटांचा एक डाव काढतो, मग पाच मिनिटांची विश्रांती (त्याला कसली विश्रांती, तो तेव्हाच उठतो), मग पुन्हा वीस मिनिटं.

ही बैठक त्याने भीमेकाठी कमावलेली आहे. गावाला नदी आहे, नदीवर मोटारी आहेत, आणि थ्री फेजची लाईट रात्री येईल तेव्हा येईल. स्टार्टरच्या पेटीशेजारी घोंगडं पांघरून, उसात खसफस झाली की बिबट्या का रानडुक्कर याचा अंदाज घेत ज्याने रात्री काढल्या, त्याला हॅलोजनच्या उजेडात चार माणसांत बसणं म्हणजे चैनच.

एकदा शाळेच्या गुरुजींनी त्याला इनामगावची गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून त्याच्या बसण्याला इतिहासाचा आधार मिळाला. इनामगाव आमच्याच शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी. तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या लोकांनी उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी असे मोठे विद्वान त्यात होते. तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. मोठ्या माणसांना घराच्या जमिनीखालीच आडवं पुरायची रीत, आणि पुरताना पाय घोट्यापासून तोडायचे. पण चार पायांच्या एका मोठ्या कच्च्या मातीच्या रांजणात एक पुरुष मांडी घालून बसलेला सापडला, आणि त्याचे पाय शाबूत होते. अभ्यासक म्हणाले, हा वस्तीचा मुख्य असावा. आठव्याने हे लक्षपूर्वक ऐकलं आणि दोन निष्कर्ष काढले. पहिला, आपल्या तालुक्यात बसलेल्या माणसाला मान होता. दुसरा, घोट्याची पकड तेव्हापासून चालत आलेली आहे, आणि तिच्यातून जो बाहेर बसतो तोच सुटतो. गुरुजींनी नंतर त्याला इतिहासातलं काही सांगितलेलं नाही.

आता तो बाहेर बसून नेमकं काय करतो ते पाहू. सामन्याआधी वजन द्यायचं असतं. ६५ किलोचा गट असला की आमचा डावा कोपरा राखणारा गडी हमखास ६६ भरतो, कारण वाटेत मिसळ दिसली की त्याचा ताबा सुटतो. आठव्या बाजारातला काटा बरोबर घेऊन फिरतो. वजन जास्त निघालं की त्या गड्याला दोन स्वेटर घालून उसाच्या बांधाने पळवतो आणि स्वतः मोटरसायकलवरून मागे राहतो. नखं वाढलेली चालत नाहीत, म्हणून नेलकटर त्याच्याकडे. अंगाला तेल चालत नाही, म्हणून पुसायचा पंचा त्याच्याकडे. आणि अंगठ्या, साखळ्या, कडी घालून मैदानात उतरता येत नाही, म्हणून सात गड्यांचं सोनं त्याच्या अंगावर.

पुणे जिल्ह्यातले सात तरुण म्हणजे सोनं काही थोडं नसतं. शेजारच्या एका गावी संयोजकांनी पाहिलं, तर मैदानाच्या कडेला एक गृहस्थ बसलेत, गळ्यात पाच साखळ्या, आठ बोटांत अंगठ्या, आणि आजूबाजूची पोरं त्यांना पाणी मागतायत. हेच बक्षीस देणारे पाहुणे, असा त्यांनी सरळ हिशेब केला. आठव्याला व्यासपीठावर नेऊन शाल, श्रीफळ, फेटा, सगळं झालं. दोन शब्द बोला म्हणाले. त्याने माईक हातात घेतला आणि ठणकावून सांगितलं की मैदानावर पाणी नीट मारलेलं नाही, उजव्या कोपऱ्यात पाय सरकतो, आणि दुसऱ्या पंचांनी सारखं मोबाईलकडे बघू नये. टाळ्या पडल्या. उजव्या कोपऱ्यात लगेच माती टाकली गेली, आणि त्याच कोपऱ्यात आमच्या गड्याने त्या दिवशी तीन पकडी केल्या. खरे पाहुणे रात्री नऊला आले, तोवर फेटे संपले होते.

या सोन्याचा त्याला आणखी एक उपयोग होतो. सामने दौंडच्या बाजूला असले की परतताना चौफुला लागतो. तिथल्या कला केंद्रांचे दिवे दिसले की जिंकलेल्या संघाला एकदम चहाची तल्लफ येते. आठव्या ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला असतो. मागे वळूनही न बघता म्हणतो, “ज्याला उतरायचं त्यानं खुशाल उतरावं. दागिनं उद्या त्याच्या आईच्या हातात देईन, कुठं उतरला ते सांगून.” गाडी थेट केडगावला थांबते.

सामना सुरू झाला की आठव्या बोलू लागतो. खेळणाऱ्या सातांना समोरचा एक हात आणि दोन पाय दिसतात. मोजदाद कोण ठेवणार? सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. बोनस मिळतो तो समोर सहा किंवा सात असतील तरच. आपले तिघंच उरले असतील आणि पकड केली तर एक गुण जास्तीचा. हे नियम सगळ्यांना पाठ असतात, पण धाप लागली की पाठांतर जातं. “तिसरी हाय रं! पाचच हायेत, बोनसच्या नादाला लागू नको!” हे त्याचं ओरडणं भीमेच्या पल्याड दौंड तालुक्यात ऐकू जातं. राखीव गड्याने आरडाओरड करू नये असाही नियम आहे. पंचांनी त्याला एकदा ताकीद म्हणून हिरवं कार्ड दाखवलं. मैदानात पाऊल न टाकता कार्ड मिळवणारा गडी पंचक्रोशीत दुसरा नाही, आणि हे तो स्वतःच सांगतो.

तो खेळतच नाही असं मात्र नाही. शेवटची दोन मिनिटं उरली आणि आपण दोन गुणांनी पुढे असलो की कर्णधार बाहेर बघतो. आठव्या सोनं उतरवून बायकोच्या पिशवीत ठेवतो, कमरेला हात लावून मैदानाच्या पाया पडतो आणि आत जातो. त्याचं काम एकच, रिकामी चढाई. चढाईला तीस सेकंद मिळतात. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवरची निदान रेषा ओलांडायची, दम तुटू द्यायचा नाही, कुणाला शिवायचं नाही, कुणाला शिवू द्यायचं नाही, आणि एकोणतिसाव्या सेकंदाला घरी यायचं. समोरचे सात चवताळतात. “आरं ये की आत, पाहुण्यावाणी दारातून काय परत जातोस!” आठव्या कबड्डी कबड्डी म्हणत त्यांच्याकडे असं बघतो, की जणू तो शेजारच्या रानात पाणी पोचलं का हे पाहायला आलाय. प्रेक्षक शिट्ट्या मारतात, आमच्याच गावचे लोक तोंड फिरवतात. पण अर्धं मिनिट गेलेलं असतं. पाळी आली तर आणखी एकदा जाऊन आणखी अर्धं. त्याला धरलेलं मी कधी पाहिलेलं नाही. गुण आणलेलाही पाहिलेला नाही.

पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला त्याचा भाचा बास्केटबॉल खेळतो. त्याने मामाला सांगितलं की अमेरिकेत बोस्टन सेल्टिक्सचा रेड ऑरबाख नावाचा प्रशिक्षक होता. पहिल्या पाचात शोभेल असा एक गडी तो मुद्दाम बाहेर ठेवायचा, आणि समोरचे दमायला लागले की त्याला आत सोडायचा. जॉन हॅवलिचेक असाच बाहेरून येऊन मोठा झाला. १९८३ पासून एनबीए दरवर्षी अशा सहाव्या गड्याला बक्षीस देते आणि आता त्या करंडकाला हॅवलिचेकचंच नाव आहे. मामाला आनंद होईल असं पोराला वाटलं. मामाने कपाळाला आठी घातली. “हा हवालीशेठ आत किती वेळ असायचा?” भाचा म्हणाला, “अर्ध्याहून जास्त सामना.” “मग तो कसला बाहेरचा? बाहेरच्याला बक्षीस द्यायचं तर बाहेर बसल्याबद्दल द्या.” मला यात तथ्य वाटतं. ऑरबाखचा सहावा हा झाकून ठेवलेला हुकमाचा पत्ता. आठव्याला कुणी झाकून ठेवलेलं नाही, तो उघडपणे आठवा आहे.

त्याची खरी भक्ती अमोल मुजुमदारवर. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळीने ६६४ धावांची अभेद्य भागी केली, ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. आठव्या ती सांगतो तेव्हा तेंडुलकर आणि कांबळी पहिल्या वाक्यातच संपतात. पुढचं सगळं आख्यान पॅड बांधून बसलेल्या तिसऱ्या पोराचं. तो बसला, दुपार झाली, तो बसलेलाच, दुसरा दिवस उजाडला, तरी बसलेलाच. पुढे त्याने रणजी पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत ११,००० च्या वर धावा जमवल्या, आणि भारताकडून एकदाही खेळला नाही. इथे आठव्याचा आवाज जड होतो. मग २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आली. नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, आणि प्रशिक्षक म्हणून कडेला मुजुमदार होता. दुसऱ्या दिवशी आठव्याने चौकात पेढे वाटले. कुणीतरी विचारलं, तुझा रं काय संबंध? “आमच्यातला माणूस हाय,” तो म्हणाला.

पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डी जिंकली, तेव्हाही असंच झालं. सगळं गाव नगर जिल्ह्याच्या अस्लम इनामदारवर डोळे लावून बसलेलं. हा टीव्हीच्या काचेला नाक लावून कडेच्या खुर्च्या शोधत होता. “दाखवा की जरा तिकडं,” म्हणून कॅमेरावाल्याला शिव्या देत होता.

आणि मग गेल्या लग्नसराईत व्हायचं ते झालं. आमचा उजवा कोपरा स्वतःच्याच हळदीला अडकला. सातच उरले, आणि आठव्याला पहिल्या शिट्टीपासून आत उतरावं लागलं. बाहेर मोकळी खुर्ची. सोनं ठेवायला माणूस नाही, म्हणून सगळ्यांचं लक्ष झाडाला टांगलेल्या पिशवीवर. नखं कुणी पाहिली नव्हती. आमच्या मुख्य चढाईपटूला पंचांनी दारातच अडवलं आणि तो कुणाकडे तरी ब्लेड मागत फिरला. दोन चढाया रिकाम्या गेल्या, तिसरी आहे हे कुणी सांगितलं नाही. गडी आरामात फिरून आला आणि बाद झाला. समोर पाच असताना आमचा एक वीर बोनस रेषेवर पाय टाकून हात वर करून नाचला. आठव्याला हे सगळं दिसत होतं, पण कोपऱ्यात साखळी धरून उभ्या असलेल्या माणसाने ओरडायचं कधी? तरी तो ओरडला, आणि ओरडताना मान वळली तेवढ्यात चढाईवाला त्याला शिवून गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो बाद होऊन बाहेर आला आणि आपल्या नेहमीच्या जागी बसला. पुढची चार मिनिटं आम्ही छान खेळलो. पण मग कुणीतरी एक गुण आणला, आठव्या नियमाप्रमाणे जिवंत झाला आणि त्याला आत जावं लागलं. पंधरा गुणांनी हरलो.

गाडीत कर्णधार भडकला. “तू आत आलासच कशाला?”

“तूच बोलावलंस.”

“मग बाहेर कोण बसणार हुतं?”

आठव्याने सगळ्यांची सोनसाखळी ज्याची त्याला मोजून दिली, एक अंगठी कमी भरली, ती पिशवीच्या शिवणीत सापडली.

पुढच्या स्पर्धेचा अर्ज कर्णधाराने स्वतःच्या हाताने भरला आणि सगळ्यात वर आठव्याचं नाव घातलं. आठव्याने चष्मा लावून तो वाचला, आपलं नाव खोडून आठव्या ओळीत लिहिलं, दोघांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स राहिल्या आहेत आणि डाव्या कोपऱ्याचं वजन खोटं लिहिलंय, असं सांगून अर्ज परत केला.